एका विलापगीताचें पुनःश्रवण

जें गीत एके काळीं घरोघर वाजलें, तें पुढें कोणी कान देऊन ऐकत नाहीं. ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या इंग्रजी गीताचें असेंच झालें आहे. १९९० च्या प्रारंभीं शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेची ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि थोड्याच काळांत आयर्लंड, इंग्लंड व अमेरिका येथील खपाच्या यादींत ती अग्रस्थानीं जाऊन बसली. अमेरिकेंत तर तें स्थान तिनें चार आठवडे राखिलें. गायिका त्या वेळीं अवघी तेवीस वर्षांची होती. पुढें तीन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच तिच्याविषयीं असा गदारोळ उठला कीं, गीताची गोष्ट निघाली म्हणजे लोक गदारोळाविषयींच बोलूं लागले. २६ जुलै २०२३ रोजीं ती निवर्तली. त्यानंतर आम्हीं ती मुद्रिका पुन्हा काढून ऐकली, आणि आजवर आपण ती नीट ऐकलीच नव्हती असें आम्हांस वाटलें.

हें काव्य तिचें नव्हे. तें प्रिन्स या अमेरिकन संगीतकाराचें असून, ‘द फॅमिली’ या त्यानेंच उभ्या केलेल्या वाद्यवृंदानें तें १९८५ सालीं प्रथम गाइलें. त्या वेळीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. शब्दरचना पाहिली तर साधीच. प्रिय माणूस सोडून गेल्यास किती दिवस झाले याची मोजदाद, आतां वाटेल तें करण्याची मोकळीक मिळाल्याचा कोरडा उल्लेख, आणि वैद्यानें दिलेला मौजेनें राहण्याचा सल्ला. या शेवटच्या कल्पनेंत थोडी विनोदाची छटाहि आहे. एखाद्या कसबी गायकानें तें नुसतें गोड म्हटलें असतें, तर विप्रलंभशृंगाराचें एक बरें उदाहरण म्हणून तें विसरलें गेलें असतें.

शिनेडनें तें गोड म्हटलें नाहीं, हेंच त्याचें मर्म. मागें लांबवलेले स्वर जवळजवळ स्थिर उभे आहेत. तालाचा ठेका मात्र त्या काळच्या यंत्रसंगीताचा, आणि आज तो कानांस किंचित् जुनाट लागतो. या स्थिर पार्श्वभूमीवर आवाज एकटा चालतो. तो कुजबुजीपासून निघतो, मध्येंच ताठर होतो, आणि एखाद्या ओळीच्या टोकाशीं अचानक फाटतो. हें फाटणें अलंकार म्हणून आलेलें नाहीं. विरहिणीच्या स्वरांत परत येण्याची आर्जवें असतात; येथें ऐकूं येतो तो संताप आणि त्यापाठीमागची पोरकेपणाची भावना. परत येणें ज्यास शक्यच नाहीं अशा माणसाला उद्देशून हा आवाज बोलतो आहे. म्हणूनच आम्ही या गीतास शृंगारांत न घालतां करुणांत घालतों.

याला बाहेरचा आधारहि आहे. शिनेडची आई १९८५ सालीं मोटार-अपघातांत वारली. मुलगी तेव्हां अठरा वर्षांची. ही आई मुलांस निर्दयपणें मारझोड करी, असें शिनेडनें पुढें वारंवार सांगितलें. गीताच्या चित्रफितींत बहुतेक वेळ फक्त तिचा चेहरा दिसतो, आणि शेवटीं शेवटीं डोळ्यांतून दोन अश्रू ओघळतात. ते ठरवून आणलेले नव्हते. आईनें परसांत लावलेल्या फुलांचा उल्लेख येतो त्या ओळीपाशीं आपणांस आपली आई आठवली, असें तिनें सांगितलें आहे. जिनें छळलें तिच्यासाठींच रडूं येणें, ही अवस्था प्रेमगीताच्या चौकटींत मावणारी नव्हे.

आतां त्या गदारोळाकडे. ३ ऑक्टोबर १९९२ रोजीं न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तिनें बॉब मार्लीचें युद्धविषयक गीत वाद्यांवांचून गाइलें, त्यांत बालकांवरील अत्याचारांचा उल्लेख घातला, आणि शेवटीं पोप दुसरे जॉन पॉल यांचें छायाचित्र कॅमेऱ्यासमोर फाडलें. पंधरवड्याच्या आंत त्याच शहरांतील एका मोठ्या संगीतसभेंत श्रोत्यांनीं तिची हुर्यो केली, आणि तिच्या तबकड्यांवरून रस्त्याचा रूळहि फिरविण्यांत आला. लोक म्हणाले, एवढें सुंदर गाणारी मुलगी वेडी झाली.

आमचा वाद येथेंच आहे. तें छायाचित्र बाजारांतून आणलेलें नव्हतें. आईच्या मृत्यूनंतर तिच्या निजायच्या खोलींतील भिंतीवरून तें काढून घेतलें व वर्षानुवर्षें जपून ठेविलें, असें शिनेडनें २०२१ च्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. म्हणजे जी आई त्या ओळीपाशीं डोळ्यांत आली, तिच्याच भिंतीवरचें तें चित्र! गीतावर लुब्ध झालेल्या आणि कृत्यावर संतापलेल्या श्रोत्यांस या दोहोंमागचें दुःख एकच आहे हें दिसलें नाहीं. श्रद्धाळू माणसास त्या कृत्यानें वेदना झाल्या असतील, आणि त्या खोट्या म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु २००९ सालीं आयर्लंडमधील चौकशी मंडळाचा अहवाल बाहेर आला, धर्मसंघांनीं चालविलेल्या संस्थांत मुलांवर काय गुदरलें तें सर्वांस कळलें, आणि पुढच्या वर्षीं तत्कालीन पोपना आयरिश जनतेस क्षमायाचनेचें पत्र लिहावें लागलें. हुर्यो करणारांपैकीं किती जणांनीं त्यानंतर ती तबकडी पुन्हा लावली असेल?

२०२२ सालीं तिच्या आयुष्यावर एक चित्रपट निघाला. त्याचें नांवहि या गीतावरूनच ठेविलेलें आहे. प्रिन्सच्या वारसांनीं गीत वापरण्यास परवानगी नाकारली. त्यामुळें तो चित्रपट पाहणारास छायाचित्र फाटतांना दिसतें, पण तें गीत मात्र ऐकावयास मिळत नाहीं.