ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा व्यापार : संगनमत आणि टंचाई

भंगारापासून पोलाद बनविणाऱ्या विद्युत प्रज्योत भट्टीत, म्हणजेच आर्क फर्नेसमध्ये, ग्रॅफाइट इलेक्ट्रोड सतत झिजत असतो. एक टन पोलादामागे तो साधारणतः दीड-दोन किलोच खर्ची पडतो. परंतु त्याला व्यवहार्य पर्याय नाही. खर्चातील अल्प वाटा आणि उत्पादनातील अपरिहार्यता या विसंगतीतच या व्यापाराचे मर्म आहे.

या व्यापारातील भाववाढीचे विवेचन बहुधा गुप्त संगनमताच्या अंगाने केले जाते. त्यास आधारही आहे. 1990 च्या दशकात यूकार, एसजीएल कार्बन आदी उत्पादकांनी संगनमताने किमती ठरविल्या. अमेरिकेत 1998 मध्ये यूकारला 11 कोटी, तर 1999 मध्ये एसजीएलला 13.5 कोटी डॉलरचा दंड झाला. 2001 मध्ये युरोपीय आयोगाने आठ कंपन्यांना एकूण 21.88 कोटी युरोचा दंड ठोठावला. तथापि, दोषींना शासन झाले म्हणजे दोषही दूर झाला, हा निष्कर्ष टिकत नाही.

2017 मधील घटनांनी ते दाखवून दिले. आधीच्या मंदीत अनेक कारखाने बंद पडले होते. चीनने अवैध इंडक्शन भट्ट्या बंद केल्याने तेथे आर्क भट्ट्यांची मागणी वाढली. त्याच वेळी प्रदूषणविषयक निर्बंधांनी इलेक्ट्रोडचे उत्पादन आक्रसले. नीडल कोक हा कच्चा माल मोजक्या उत्पादकांच्या हाती आहे व लिथियम-आयन बॅटरी उद्योगही त्यावर हक्क सांगतो. भाजणे, पिच मुरविणे आणि सुमारे 3000 अंश सेल्सिअसला ग्रॅफाइटीकरण या प्रक्रियेस कित्येक महिने लागतात. परिणामी किमती अनेक पटींनी वाढल्या; त्यासाठी गुप्त बैठकांची गरज भासली नाही.

भीतीपोटी केलेला उपायही सदोष ठरला. यूकारचेच उत्तररूप असलेल्या ग्राफटेकशी अनेक पोलाद उत्पादकांनी 2018 च्या सुमारास तीन ते पाच वर्षांचे निश्चित दराचे करार केले. 2019 पासून बाजारभाव उतरले आणि तेच करार खरेदीदारांना जाचक झाले. भारतात मंडीदीपची एचईजी आणि दुर्गापूर व नाशिकजवळील सातपूर येथे कारखाने असलेली ग्रॅफाइट इंडिया यांना तेजीत मोठा नफा झाला. परंतु नीडल कोकसाठी त्याही मुख्यतः आयातीवर अवलंबून होत्या.

सारांश, कायदा संगनमतास शिक्षा करू शकतो, टंचाईस नव्हे. कार्बन उत्सर्जन घटविण्यासाठी पोलाद उद्योग आर्क भट्टीकडे वळत असताना नीडल कोकचे स्रोत वाढविणे, साठा राखणे आणि भावबदलाची जोखीम उभय पक्षांत वाटणारे करार करणे अगत्याचे आहे. अन्यथा भट्टी बदलेल, परावलंबन मात्र कायम राहील.