आवड कोणाची, आठवण कोणाची : नटाचे आत्मकथन आणि शिरूर-दौंडचा फड

मराठी नटांच्या आत्मकथनांकडे आपली नाट्यसमीक्षा प्रामुख्याने साधनग्रंथ म्हणून पाहत आली आहे. नाटक मंडळ्यांचे हिशेब, प्रयोगांच्या तारखा, नाटककारांचे स्वभाव यांसाठी ही पुस्तके चाळली जातात. त्यांतील एक घटक मात्र रंजक किस्सा समजून सोडून दिला जातो. तो म्हणजे नटाची 'आवडती भूमिका'. वास्तविक, आयुष्यभराच्या प्रयोगांतून नट जेव्हा एखादी भूमिका वेगळी काढतो, तेव्हा अभिनय म्हणजे काय याविषयीची आपली धारणाच तो मांडत असतो. आवड हे अशा अर्थाने समीक्षात्मक विधान असते. हे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : हे विधान करण्याचा अधिकार कोणत्या नटाला मिळाला आणि कोणत्या नटाला तो विचारलाही गेला नाही? भीमेच्या दोन काठांवरील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून पाहिले असता हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रथम प्रस्थापित परंपरेकडे पाहू. गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका' (१९४०), चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' (१९५७) आणि डॉ. श्रीराम लागू यांचे 'लमाण' (२००४) या तीन पुस्तकांची शीर्षके म्हणजे नटाच्या तीन व्याख्या आहेत. बोडसांच्या शीर्षकात 'भूमिका' हा शब्द पात्र आणि मत असा दुहेरी अर्थ वागवतो. फाल्गुनराव आणि सुधाकर साकारणारा हा नट 'माझी' हे सर्वनाम निःसंकोचपणे पुढे ठेवतो. कोल्हटकरांचा 'बहुरूपी' स्वतःला गावोगाव सोंगे घेऊन हिंडणाऱ्या लोककलावंताच्या नावाने ओळखतो. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते नाव ज्याच्याकडून आले तो बहुरूपी मात्र वाङ्मयेतिहासाबाहेरच राहिला. लागूंचा 'लमाण' हा माल वाहणारा : नाटककाराचा ऐवज प्रेक्षकापर्यंत पोचवणारा. १९६९ मध्ये शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेल्या नटाने स्वतःकडे हे दुय्यमत्व घ्यावे, यातील विनय खराच आहे. परंतु या रूपकामागे एक गृहीतकही आहे. माल नटाच्या आधी तयार असतो, तो लिखित असतो आणि त्याला धनी असतो.

आवडती भूमिका सांगता येण्याची पूर्वअट नेमकी हीच आहे. बोडसांचा सुधाकर आज कोणी पाहू शकत नाही. पण 'एकच प्याला'ची संहिता उपलब्ध असल्याने त्यांच्या आठवणीला टेकू मिळतो. वाचक नाटक उघडतो आणि नटाचे म्हणणे पडताळतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) तर ही पूर्वअटच नाट्यविषय झाली आहे. निवृत्त गणपतराव बेलवलकरांचे घर जाते, मुले दुरावतात. तरी जुन्या भूमिकांची स्वगते त्यांच्यापाशी राहतात. सर्वस्व गमावलेल्या नटाकडेही संहिता उरते. ज्या नटाकडे मुळात संहिताच नव्हती, त्याच्या म्हातारपणी त्याच्यापाशी काय उरते, हा प्रश्न त्या नाटकाच्या कक्षेत येत नाही. तो समीक्षेच्या कक्षेत यायला हवा.

शिरूर-दौंडच्या रंगजीवनाचा मोठा भाग असा संहितेबाहेरचा आहे. गावच्या यात्रेत उतरणारा ढोलकी फड ही त्याची एक बाजू. विजयादशमीच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रा भरवणारे गावकारभारी तेथे जाऊन सुपारी देतात. दुसरी बाजू संगीत बारीची : दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावरील चौफुल्याची कला केंद्रे ही तिची ठिकाणे. फड फिरता, तर बारी एका जागी. फडात वग महत्त्वाचा, तर बारीत लावणी आणि अदा. या दोहोंना 'तमाशा' या एकाच नावाखाली ढकलणे हीदेखील आपल्या समीक्षेची जुनी सवय आहे.

फडातील सोंगाड्याची भूमिका बतावणीत घडते. गौळणीतील मावशी समोरच्या गावाची नस ओळखून बोलते. वगाचा आराखडा ठरलेला असला तरी संवादाचा बराच भाग त्या रात्री, त्या प्रेक्षकासमोर जन्मतो आणि तेथेच संपतो. येथे नट माल वाहत नाही, निर्माण करतो. लमाणाचे रूपक येथे लागू पडत नाही, आणि म्हणूनच आत्मकथनाचा प्रस्थापित साचाही अपुरा पडतो. ज्या भूमिकेचा छापील पुरावा नाही तिच्याविषयीची आवड सांगायची कोणत्या आधारावर आणि ऐकायची कोणी?

या प्रश्नाचे एक उत्तर शिरूर तालुक्यातूनच आले आहे. कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक तमाशा मंडळांसाठी गीते आणि वग लिहिले; स्वतः रंगमंचावर भूमिकाही केल्या. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'कलावंतांच्या आठवणी' असे आहे. बोडसांच्या 'माझी'शेजारी हे अनेकवचन ठेवून पाहावे. येथे आठवणीचा धनी एक नट नाही. फडातलाच एक जाणता माणूस इतरांची स्मृती वागवतो आहे. 'लमाण' हा शब्द खऱ्या अर्थाने कोठे शोभत असेल तर तो येथे. फरक इतकाच की वाहिलेला ऐवज नाटककाराचा नसून नटांचा आहे. शिवाय हा वाहक स्वतः अशा गीतांचा कर्ता आहे, जी फडावर गाणाऱ्याच्या नावाने ओळखली जातात. कर्त्याचे नाव विरून जाण्याचा अनुभव असलेल्यानेच इतरांची नावे नोंदवावीत, ही बाब मला अर्थपूर्ण वाटते.

याउलट, बाहेरच्या अभ्यासकाने तमाशा कलावंताला काय विचारले? विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) यांच्याविषयी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रसंग ठाऊक असतो : तमाशा चालू असताना झालेली प्रसूती आणि त्यानंतर पुन्हा बोर्डावर उभे राहणे. योगीराज बागूल यांनी त्यांचे चरित्र लिहिल्यानंतरही सर्वसाधारण चर्चा त्याच एका प्रसंगाभोवती फिरत राहते. तो प्रसंग थोर आहेच. पण कोणती लावणी त्यांना स्वतःला प्रिय होती, वगातील कोणते पात्र त्यांना आव्हान वाटे, हे किती जणांनी विचारले? शहरी नटाला आपण त्याची आवड विचारतो आणि तमाशा कलावंताला तिचे हाल. पहिल्याकडून अभिनयाचा सिद्धान्त मिळवतो, दुसरीकडून करुणा. हा भेद सहानुभूतीच्या पोटात दडलेला असल्याने तो सहजी दिसत नाही, आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. 'वैयक्तिक आवड' ही कोटीच मध्यमवर्गीय व्यक्तिवादातून आलेली आहे. सामूहिक कलेवर ती लादणे योग्य नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचा परिणाम तपासावा. सामूहिकतेच्या नावाने फडातील प्रत्येक नटाची निवड, कसब आणि खोड पुसली जाणार असेल, तर तो गौरव पोकळ आहे. ढोलकीवाला, सोंगाड्या, नर्तकी या प्रत्येकाला स्वतःची पारख असते; ती 'मी'च्या भाषेत न येता अनेकदा गुरूच्या, जोडीदाराच्या किंवा एखाद्या गावच्या यात्रेच्या आठवणीतून व्यक्त होते. अशी अप्रत्यक्ष आवड वाचण्याची पद्धत आपल्याला घडवावी लागेल.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात नटांची आत्मकथने जरूर असावीत. परंतु त्यांच्याशेजारी 'कलावंतांच्या आठवणी'सारखे पुस्तक ठेवल्याशिवाय त्यांच्या मर्यादा उमगणार नाहीत. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याला तर त्याकरिता ग्रंथालयाबाहेर फार दूर जावे लागत नाही. यात्रेत उतरलेल्या फडातील वृद्ध कलावंताला मानधनाविषयी विचारावे, आजाराविषयीही विचारावे. मात्र त्याआधी, तुम्हाला कोणते काम करायला सर्वांत आवडले, असे विचारावे. त्या उत्तरातच मराठी अभिनयविचाराचा अद्याप न लिहिला गेलेला भाग आहे.