घरी ध्वनिमुद्रित झालेली भक्तिगीते : काही विचार

गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी घरच्या घरी भक्तिगीते ध्वनिमुद्रित करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कॅसेटच्या जमान्यात नाताळच्या चार गीतांसाठी वर्गणी काढावी लागे, स्टुडिओचे भाडे तासावर मोजावे लागे आणि वेळ संपत आली म्हणून बिघडलेले कडवे तसेच राहून जाई. आज एक संगणक, एक बरा माइक आणि त्या दोहोंना जोडणारा इंटरफेस एवढ्या सामग्रीवर काम भागते. गीत तयार झाले की ते मोबाइलवरून मित्रांना पाठविले जाते आणि मिक्सिंग व मास्टरिंगविषयी सल्ल्यांची देवाणघेवाण सुरू होते. या गीतांची आणि त्यांवरील सल्ल्यांचीही समीक्षा व्हावी, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

हे दोन शब्द सर्वच वाचकांच्या परिचयाचे असतील असे नाही. गायन, की-बोर्ड, गिटार, ढोलकी हे सारे वेगवेगळे मुद्रित करतात. त्यांचे परस्परांशी प्रमाण जुळवून एकसंध गीत घडविणे म्हणजे मिक्सिंग. अशा तयार गीतावर अखेरचा हात फिरवून ते सर्वत्र नीट ऐकू येईल असे करणे म्हणजे मास्टरिंग. स्वयंपाकात मीठमसाल्याचे प्रमाण आणि शेवटी पानात वाढणे यांत जे नाते आहे, साधारण तेच येथे आहे.

मग भक्तिगीताचे मिश्रण चांगले की वाईट, हे ठरविण्याचा निकष कोणता? चित्रपटगीतासारखे ते भरगच्च वाजते, हा निकष पुरेसा आहे काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आहे. पवित्र संगीताविषयी ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून जे सूचनापत्र निघाले, त्यात ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर आदी यंत्रांनी उपासनेत भाविकांच्या गायनाची जागा घेण्यास मनाई केली होती. मात्र भाविकांना गायन शिकविण्यासाठी त्याच यंत्रांचा उपयोग करण्यास मुभा दिली होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक संविधान जाहीर केले. रचनाकारांनी केवळ मोठ्या गायकवृंदांपुरत्या रचना न करता लहान वृंदांसाठी आणि साऱ्या भाविकांच्या सक्रिय सहभागासाठीही त्या कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा ध्वनिमुद्रित भक्तिगीत हे शिक्षकाच्या जागी आहे. ते ऐकून धर्मग्रामातील कुटुंबाला गाता आले पाहिजे, हा आमचा निकष.

या निकषावर आज ऐकू येणारी पुष्कळ गीते घासून पाहिली, तर पहिला दोष आढळतो तो कृत्रिम घुमाऱ्याचा. दहा फुटांच्या खोलीत मुद्रित झालेल्या आवाजाला संगणकाच्या साहाय्याने महामंदिराचा प्रतिध्वनी दिला जातो. त्यामागची भावना आम्ही समजू शकतो. पण घुमारा वाढला की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते आणि जोडाक्षरे पुसट होतात. शिवाय तेच गीत चर्चमध्ये लावले की कृत्रिम घुमाऱ्यावर वास्तूचा खरा घुमारा चढतो व शब्द बुडून जातात. याउलट, भिंतीला गोधड्या टांगून, पंखा बंद करून, माइकपासून वीतभर अंतर राखून केलेली काही साधी मुद्रणे आम्ही ऐकली आहेत. त्यांतला शब्द न् शब्द कळतो.

दुसरा दोष मोठेपणाच्या हव्यासाचा. मास्टरिंग म्हणजे गीत शक्य तितके मोठ्याने वाजविणे, असा समज रूढ होत आहे. त्यासाठी कम्प्रेशन नावाची प्रक्रिया वापरतात; तिने मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी होते. बेताने वापरल्यास ती उपकारक आहे. पण तिचा अतिरेक झाला की विनवणी आणि जयघोष एकाच पातळीवर येतात. वास्तविक यूट्यूबसारख्या ठिकाणी ठराविक पातळीपेक्षा, म्हणजे साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा, मोठे गीत आपोआप खाली आणले जाते. म्हणजे गीतातील चढउतार गमावूनही मोठेपणा पदरी पडत नाही. उपवासकाळातील पश्चात्तापाच्या गीताला तर हळू होण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

तिसरा दोष कोणत्याही यंत्राने दूर होणारा नाही. तो रचनेतच असतो. पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर लांबविले जाते. 'दिन' लांबविला की तो 'दीन' होतो. दिवसाच्या जागी दुबळा येऊन उभा राहतो. कधी श्वास शब्दाच्या मध्यावरच घ्यावा लागतो. स्वर सुधारणारे तंत्र अशा ओळीला सुरात आणील, अर्थात आणणार नाही.

आता सल्ल्यांविषयी. आमच्या पाहण्यात दोन प्रकारचे अभिप्राय फार येतात : 'छान झाले आहे, देव आशीर्वाद देवो' आणि 'आवाज फाटतो आहे'. पहिल्याने गाणाऱ्याला काही शिकता येत नाही, दुसऱ्याने तो खचतो. दुसऱ्या कडव्यात की-बोर्ड गायकाच्याच पट्टीत वाजतो, म्हणून शब्दांचे शेवट हरवतात; तेथे की-बोर्ड थोडा उतरवून पाहा, असे सांगणारा मित्र खरा समीक्षक. बंधुभावाने कान उघडणे हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे, आणि येथे तर ते शब्दशः कानाचे काम आहे. अमुक सॉफ्टवेअर घ्या असे सांगणे सोपे असते; एखादे गीत तीनदा ऐकून नेमकी जागा दाखविण्यास प्रेम लागते.

साधनांच्या मोहाविषयी भक्तिसंगीताबाहेरचे एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतील आपल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर काही गीते कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. ती पुढे वाद्यवृंदासह स्टुडिओत गाऊन पाहिली. पण त्यांतला एकाकी भाव तेथे उतरेना. अखेर मूळ कॅसेटवरचीच गीते त्याच वर्षी 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. त्या कॅसेटचे मास्टरिंग करताना तंत्रज्ञांना बरेच सायास पडले. परंतु त्यांनी त्या गीतांची घरगुती ओळख पुसली नाही. चांगल्या सल्लागाराचेही काम तेच असते.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता, तर आम्ही एवढा विस्तार केला नसता. परंतु काही ठिकाणी पवित्र मिस्साच्या वेळी तयार वाद्यमेळ लावून त्यावर एकट्यानेच गाण्याची प्रथा शिरते आहे. स्पीकरमधील गीत इतके नेटके असते की बाकांवरची माणसे संकोचाने गप्प बसतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या जुन्या छापील प्रती पुढे दुर्मिळ झाल्या, पण ओवी म्हणणाऱ्या व हस्तलिखिते उतरवून घेणाऱ्या भाविकांनी ते सांभाळले, म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आले. भाविकांच्या ओठांवर असलेले गीत असे टिकते.

म्हणून आमच्या तरुण मित्रांना एक सुचवावेसे वाटते. गीत पक्के करण्यापूर्वी ते मोबाइलच्या लहान स्पीकरवर, तसेच रिकाम्या चर्चमध्येही वाजवून पाहावे. मग आपल्या आळीत जपमाळेच्या वेळी गीत सुरू करणाऱ्या एखाद्या वयस्क बाईंना ते दोनदा ऐकवावे. तिसऱ्या वेळी त्या धृपद गुणगुणू लागल्या, तर मिश्रण जमले असे खुशाल समजावे. नच गुणगुणल्या, तर दोष त्यांच्या कानांना न देता पुन्हा कामाला बसावे.