चौथा रकाना

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी जळगाव सांगतो. असोदा म्हटलं तर पुढे 'बहिणाबाईंचं माहेर' असं जोडावं लागतं.

राजेश्वरी देशपांडे आणि सुहास पळशीकर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'तला २००८चा लेख नुकताच वाचला. पुण्यातल्या कुटुंबांच्या चार पिढ्यांचे व्यवसाय बघून जात किती आड येते, हे त्यांनी तपासलंय. निष्कर्ष भडक नाही. हालचाल आहे, पण कोण कुठून निघालं नि कुठवर पोचलं, यावर जातीची छाप आहेच. हा संयम मला आवडला.

मग एका रविवारी घरचाच तक्ता मांडला. पणजोबा शेतकरी, आजोबा शेतकरी, वडील शेती सांभाळून कारकून, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. मस्त चढता आलेख! शेजारी आमच्या सालदाराचं घर मांडलं : सालदार, सालदार, हमाल आणि माझ्याच वर्गातला, गणितात कायम माझ्या पुढे असलेला त्यांचा मुलगा. तोही पुण्याला आला होता. खोलीभाडं झेपेना, त्यात घरी आजारपण आलं. वर्षभरात परत गेला. माझ्या फीसाठी कपाशीचं अर्धा एकर रान विकलं होतं. ते मी 'मेरिट'मध्ये कधी धरलंच नव्हतं.

लेख इथे अपुरा पडतो. जो फोन पार बंद पडला, त्याचा लॉग सर्व्हरवर येत नाही. तसंच पुण्यात घेतलेल्या नमुन्यात पुण्यात न टिकलेले येत नाहीत. त्यामुळे लेखात दिसते त्याहून दरी मोठी असावी, असं मला वाटतं. शिवाय व्यवसायाच्या रकान्यात जमीन दिसत नाही. विकायला अर्धा एकर असणं हा काही व्यवसाय नाही.

बरं, परत गेलेल्यांना मोजणार कोण? १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली : विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. खानदेश त्या उर्वरितात, आणि पुणंही त्यातच. तो ज्या शहरातून परतला आणि ज्या गावात परतला, ती दोन्ही सरकारी हिशेबात एकाच खान्यात! शहराचं राजकारण पुण्यापुरतं वाचून म्हणूनच भागत नाही. असोदा जळगावला जवळजवळ चिकटलंय, पण कारभार ग्रामपंचायतीचा.

तक्ता त्याला पाठवावा का, ठरत नाही. त्याच्या चौथ्या रकान्यात मी 'मोबाइल दुरुस्ती' लिहिलंय, त्याला न विचारता.