कागदी पिशवीतला सुपरहिरो

विक्रमादित्य मोटवानेचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ १ जून २०१८ला आला. त्याच शुक्रवारी ‘वीरे दी वेडिंग’ होता, त्यामुळे हा कधी उतरला तेही कळलं नाही. मी तो पुढे फोनवर पाहिला, फणसवाडीत, चाळीच्या गॅलरीत, रात्री दीडला. पहाटे पाणी भरायला उठायचंच होतं.

पाण्याचं मुद्दाम सांगितलं, कारण इथला खलनायक पृथ्वी वगैरे नष्ट करत नाही, पाणी चोरतो. पालिकेच्या लाइनीतलं पाणी टँकरकडे वळवणारा राजकारणी. हे काम निशिकांत कामतने केलंय, आवाज न चढवता. याच माणसाने २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’ केला होता.

२०११च्या आंदोलनात भारावलेली पोरं डोक्यावर कागदी पिशव्या घालून बेशिस्त लोकांचे व्हिडिओ काढतात. मग वय वाढतं. सिकंदर सॉफ्टवेअरमध्ये लागतो, त्याला अमेरिकेला जायचंय, आणि पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी तो लाच देतो. भावेशला कळतं, दोघं हातघाईवर येतात.

इथे मी पॉज केलं. माझ्या पासपोर्टच्या वेळी मीही पाचशे दिले होते. कुणी धमकावलं नव्हतं. ‘चहापाणी’ एवढाच शब्द, आणि मी पाकीट काढलं. आईने तर वर खरोखरचा चहाही दिला. सिकंदर मला आवडत नाही, पण त्याची बाजू मला पाठ आहे.

भावेश मरतो आणि सिकंदर मुखवटा चढवतो, तिथून सिनेमा दिसायला आणखी देखणा होतो. सिद्धार्थ दिवाणच्या कॅमेऱ्यात रात्रीची मुंबई ओली, पिवळी, अरुंद दिसते. बाईकचा पाठलाग तर दोनदा पाहिला. पण पाणी मागे पडतं आणि सूड पुढे येतो. ट्रेनिंग, बाईक, मुखवटा, हे सगळं बॅटमॅनकडून माहीत असलेलं. लाच देणारा माणूस स्वतःला कसं माफ करतो, हे मला पाहायचं होतं. सिनेमा त्याला फायटिंग शिकवतो.

‘डोंबिवली फास्ट’चा माधव आपटे यापेक्षा अवघड आहे. त्याच्याकडे मुखवटा नाही, क्रिकेटची बॅट आहे, आणि तो पैसे न देणारा माणूस आहे. संदीप कुलकर्णीचा तो चेहरा पाहताना मला भीती वाटते ती आपटेची नाही, त्याने माझ्याकडे वळून पाहिलं तर, याची.

तरी भावेश जोशी बघाच. निदान त्या भांडणापर्यंत.