जोसेफ एझिकेल राजपूरकर : शिक्षकाचे भाषांतर

बेने इस्राएल समाजाला एकोणिसाव्या शतकात स्वतःचा दीक्षित रब्बी नव्हता. निवाड्यांचे काम काजी व मुकादम पाहत. प्रार्थनामंदिरात, ज्यास हा समाज 'मशीद' म्हणे, हझ्झान हिब्रू पाठ म्हणत. कोकणातून मुंबईस आलेल्या सामान्य कुटुंबांना त्या पाठाचा अर्थ क्वचितच उमगे. रब्बीने करावयाचे अर्थनिरूपण येथे एका शिक्षकाच्या वाट्यास आले. डेव्हिड ससून यांच्या मुंबईतील शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक असलेले जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू उपासनाग्रंथ मराठीत आणले.

या श्रमांमागे एक अस्वस्थता दिसते. मराठीतून हिब्रू शिकविण्याचा उद्योग आधी मिशनऱ्यांनी आरंभिला होता; जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मधले. समाजाच्या धर्मग्रंथाची किल्ली अशा रीतीने परधर्मीयांच्या हाती होती. ती समाजाकडे आणणे, हेच राजपूरकरांच्या कार्याचे मर्म मानावे लागते.

१८८० च्या सुमारास याच समाजात कीर्तने सुरू झाली व बायबलमधील चरित्रे मराठी छंदांत रंगू लागली. त्या रसाळपणाची अपेक्षा राजपूरकरांकडून करणे मात्र अन्यायाचे होय. कीर्तनकारास मूळ कथा फुलविण्याची मुभा असते; प्रार्थनेच्या भाषांतरकारास ती नसते, कारण त्याची मराठी हिब्रूची जागा घेण्यासाठी नसून तिच्या शेजारी उभी राहण्यासाठी असते. कीर्तनाने श्रोत्यास पूर्वजांची कथा दिली. शब्बाथच्या सकाळी आपण नेमके काय म्हणतो, हे कळण्यास त्याला राजपूरकरांचेच पुस्तक उघडावे लागे.