विराम की रचना? : वाशिम जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी विरामचिन्हांची समीक्षा

प्रस्तावना

पदवी वर्गांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकास एक अनुभव नित्याचा आहे. विद्यार्थ्याचा आशय बरोबर असतो, शब्दयोजनाही बरी असते. परंतु स्वल्पविराम नको तेथे पडतो, हवा तेथे पडत नाही, आणि वाक्य संपले तरी पूर्णविराम उमटत नाही. अशा वेळी समासात 'निष्काळजीपणा' असा शेरा लिहून गुण कमी केले जातात. प्रस्तुत लेखाचा विषय विद्यार्थ्यांच्या चुका हा आहेच; पण त्याहून अधिक तो हा शेरा आहे. या चुका विस्कळीत नसून नियमबद्ध आहेत, त्यांचा उगम मराठी लेखनाच्या सवयीत आहे, आणि 'विरामचिन्ह म्हणजे थांबण्याची खूण' या आपण शिकविलेल्या व्याख्येने त्या पक्क्या होतात, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा सहा तालुक्यांचा आहे : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. येथील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. येथील बहुसंख्य विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकतो आणि त्यानंतर इंग्रजीकडे वळतो. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवरून येणाऱ्या बंजारा विद्यार्थ्याची घरची भाषा गोरमाटी असते. त्याच्या बाबतीत ही वाट आणखी एका टप्प्याने लांबते. या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घरातील महाविद्यालयात आलेली पहिली पिढी आहेत. म्हणून 'निष्काळजी' हा शेरा त्यांच्याविषयी न्याय्य आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. बहुविद्याशाखीय वाचकवर्ग लक्षात घेऊन इंग्रजी उदाहरणे येथे देवनागरीतच दिली आहेत.

१. विरामचिन्हांचा मराठीत प्रवेश

आज मराठीत वापरली जाणारी बहुतेक विरामचिन्हे इंग्रजीतून आलेली आहेत. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांची कीर्ती अभ्यासकांस परिचित आहे. तेथील हस्तलिखितांच्या आधारे प. ल. वैद्य यांनी 'जसहरचरिउ' (१९३१) आणि हीरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' (१९३३) हे अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. जुन्या हस्तलिखितांच्या परंपरेत साधारणतः दंड आणि दुहेरी दंड यांवरच काम भागत असे. मोडी लेखनात तर शब्दांमधील अंतरही पाळले जात नसे. आधी ओळ आखावी आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जावी, अशी ती पद्धती होती. वाक्य कोठे तुटते हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे असे, आणि तो ते ओळखीत असे.

एकोणिसाव्या शतकात छापील मराठी गद्य घडू लागले तेव्हा मेजर टॉमस कॅंडी (१८०४–१८७७) यांनी इंग्रजी चिन्हांची पद्धती मराठीत रूढ करण्याचा हेतुपुरस्सर प्रयत्न केला. 'विरामचिन्हांची परिभाषा' (१८५०) हे त्यांचे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुढे रूढ झालेल्या पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविराम या संज्ञांमध्ये 'विराम', म्हणजे थांबणे, ही एकच कल्पना मध्यवर्ती आहे.

ही कल्पना त्या काळच्या इंग्रजीसही परकी नव्हती. बेन जॉन्सनच्या १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याकरणात स्वल्पविरामाचा संबंध श्वासाशीच जोडलेला आहे. अमेरिकेच्या संविधानातील १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीच्या प्रचलित संहितेत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम आहे. आज आपण नेमक्या याच जागी विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापतो. पुढे इंग्रजी विरामचिन्हांचा कल उच्चाराकडून वाक्यरचनेकडे वळला. मराठीने मात्र त्यांचा श्वासाशी असलेला संबंध जपला. आपला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना जो स्वल्पविराम देतो तो अनेकदा हा जुना, श्वासाचा स्वल्पविराम असतो.

२. 'की' नंतरचा स्वल्पविराम

'ही सेड दॅट, ही वॉज इल.' असे वाक्य आपल्या उत्तरपत्रिकांत जागोजागी भेटते. 'दॅट' नंतरचा हा स्वल्पविराम कोठून आला? मराठी वाक्य आठवावे : 'तो म्हणाला की, मी आजारी होतो.' वर्तमानपत्रांत, कार्यालयीन पत्रांत, इतकेच नव्हे तर आपल्या शोधनिबंधांतही 'की' नंतर स्वल्पविराम सर्रास आढळतो. मराठीत 'की' हा शब्द बोलताना आधीच्या क्रियापदाला चिकटतो आणि त्यानंतर आवाज क्षणभर थांबतो. वऱ्हाडीत 'की' च्या जागी पुष्कळदा 'का' येतो. तेथेही थांबा त्याच्या नंतरच असतो. इंग्रजीत मात्र 'दॅट' पुढच्या उपवाक्याचा भाग आहे. त्याला त्या उपवाक्यापासून तोडता येत नाही.

येथे पोलिश भाषेशी तुलना उद्बोधक ठरते. पोलिशमध्ये 'की' या अर्थाच्या 'झे' या शब्दापूर्वी स्वल्पविराम देणे हा लेखनाचा नियमच आहे. साहजिकच पोलिश विद्यार्थी इंग्रजीत 'आय नो, दॅट ही इज इल.' असे लिहू लागतो. पोलिश विद्यार्थी 'दॅट' च्या अलीकडे चुकतो, आपला विद्यार्थी पलीकडे चुकतो. चूक निष्काळजीपणाची असती तर ती दोन्हीकडे कशीही विखुरली असती. प्रत्येकजण आपल्या मातृभाषेने आखून दिलेल्या जागीच चुकतो, हाच ती नियमबद्ध असल्याचा पुरावा होय.

अप्रत्यक्ष प्रश्नाचेही असेच आहे. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड?' या वाक्यातील प्रश्नचिन्ह चूक आहे, कारण मूळ वाक्य विधान आहे. परंतु मराठीत 'त्याने मला विचारले की, तू कुठे राहतोस?' असे म्हणताना प्रश्नाचे मूळ रूप टिकून राहते, म्हणून चिन्हही टिकते. उलटपक्षी, मराठीत अवतरणाचा शेवट 'असे' किंवा 'म्हणून' हे शब्दच दाखवितात : 'मी उद्या येतो असे तो म्हणाला.' शब्दच दार लावीत असल्याने चिन्हाची कडी लावण्याची सवय होत नाही. इंग्रजीत अवतरण उघडते, ते बंद करावयाचे राहून जाते.

३. 'जो–तो' ची रचना आणि अर्थाचा प्रश्न

'द बॉय हू केम यस्टरडे, इज माय ब्रदर.' हा दुसरा प्रातिनिधिक नमुना. त्यामागे 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे' ही मराठी रचना उभी आहे. मराठीत 'जो' चे उपवाक्य संपते, स्वल्पविराम येतो आणि 'तो' ने मुख्य वाक्य सुरू होते. इंग्रजीत 'तो' नाही. त्यामुळे तो स्वल्पविराम कर्ता आणि क्रियापद यांची फारकत करतो.

येथवर प्रश्न शुद्धाशुद्धतेचा होता. यापुढे तो अर्थाचा होतो. इंग्रजीत एखादी सूचना लागली आहे असे समजू : 'द स्टुडंट्स हू लिव्ह इन द हॉस्टेल मस्ट पे द फी.' येथे शुल्क केवळ वसतिगृहातील विद्यार्थ्यांवर पडते. आता 'स्टुडंट्स' नंतर एक आणि 'हॉस्टेल' नंतर एक असे दोन स्वल्पविराम दिले तर सर्वच विद्यार्थी वसतिगृहात राहतात आणि सर्वांनीच शुल्क भरावे, असा अर्थ निष्पन्न होतो. मराठीत हा भेद 'जे–ते' ही जोडी सांभाळते. 'जे विद्यार्थी वसतिगृहात राहतात त्यांनी शुल्क भरावे' या वाक्यात स्वल्पविराम द्या अथवा देऊ नका, भार कोणावर पडतो हे बदलत नाही. मराठीत जे काम शब्द करतात ते इंग्रजीत चिन्हावर सोपविलेले असते. विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी स्वल्पविराम शोभेचा राहतो.

हा विषय केवळ भाषेच्या विभागापुरता नाही. अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी लढविलेल्या दाव्यात कायद्याच्या एका यादीतील शेवटच्या घटकापूर्वी स्वल्पविराम नसणे निर्णायक ठरले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. वाणिज्य व विधी शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे हे उदाहरण आहे.

४. वाक्य कोठे संपते?

'इट रेन्ड हेविली, द रिव्हर वॉज फ्लडेड, वुई कुड नॉट कम.' तीन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामांनी जोडण्याची ही पद्धत इंग्रजीत दोषास्पद मानली जाते. मराठीत 'पाऊस जोराचा झाला, नदीला पूर आला, आम्हाला येता आले नाही' हे निर्दोषच नव्हे तर ओघवते गद्य आहे. याचे कारण वाक्यरचनेत आहे. मराठी वाक्य सामान्यतः क्रियापदाने संपते. 'झाला', 'आला', 'नाही' हे शब्द कानावर पडताच वाक्य पुरे झाले हे ऐकणाऱ्यास कळते. क्रियापद हाच जणू पूर्णविराम असतो. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते आणि त्यानंतर वाक्य कितीही लांबू शकते. शेवट दाखविणारा शब्द नसल्याने तो चिन्हाने दाखवावा लागतो. हे कारण एकदा समजले की पूर्णविराम विद्यार्थ्यास गरजेचा वाटू लागतो. कारण न सांगता केलेली सक्ती परीक्षेपुरती टिकते.

५. मोठे अक्षर आणि अपॉस्ट्रॉफी

देवनागरीत अक्षराची लहान व मोठी अशी दोन रूपे नाहीत. त्यामुळे गावांची नावे, वार व महिने यांचे पहिले अक्षर मोठे लिहिणे ही विद्यार्थ्यासाठी सर्वस्वी नवी गोष्ट असते. पोलिशची लिपी रोमनच, तरीही तेथे वार व महिने लहान अक्षराने लिहितात आणि पोलिश विद्यार्थी त्या ठिकाणी अडखळतो; मग देवनागरीच्या विद्यार्थ्याची अडचण समजून घेण्यास हरकत नसावी. अंकांच्या बाबतीतही असाच फरक आहे : आपला लाख १,००,००० असा, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत १००,००० असा लिहिला जातो.

अपॉस्ट्रॉफीची अडचण थोडी निराळी आहे. मराठीत स्वामित्व 'चा–ची–चे' या प्रत्ययांनी व्यक्त होते, त्यामुळे हे चिन्ह आगंतुक वाटते. पण त्याचे नाते आपल्या परंपरेत सापडते. 'सोऽहम्' मधील अवग्रह लोप पावलेल्या 'अ' ची खूण आहे. 'इट इज' चे 'इट्स' होताना गळालेल्या स्वराच्या जागी जे चिन्ह येते त्याचे कार्य नेमके हेच. स्वामित्वाचे चिन्हही जुन्या इंग्रजी प्रत्ययातील लुप्त स्वराचीच आठवण आहे. मात्र 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स' या सर्वनामात ते येत नाही, हा अपवाद स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

६. अध्यापन आणि परीक्षा यांविषयी

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. शिकण्याची वर्षे वाढली. विरामचिन्हांची शिकवणूक मात्र फारशी बदलली नाही. सर्वसाधारणपणे एक संवाद चिन्हे काढून दिला जातो आणि विद्यार्थी ती परत बसवितो. यात अवतरणचिन्हे आणि मोठी अक्षरे यांची परीक्षा होते. स्वल्पविरामाने अर्थ कसा बदलतो याची होत नाही. शिवाय 'मोठ्याने वाचा, जेथे थांबाल तेथे स्वल्पविराम द्या' ही सूचना मराठी कानाच्या विद्यार्थ्यास हमखास चुकविते, कारण त्याचा कान 'की' नंतर आणि 'जो' च्या उपवाक्यानंतर थांबतोच.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चिन्हे चुकली तरी अर्थ कळतो. वसतिगृहाच्या सूचनेचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. दुसरा आक्षेप असा की, आता संगणकच चुका दुरुस्त करतो. 'दॅट' नंतरचा स्वल्पविराम संगणक काढीलही. परंतु शुल्क सर्वांनी भरावयाचे की काहींनी, हे केवळ लिहिणाऱ्यासच ठाऊक असते.

म्हणून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. विरामचिन्हे शिकविताना मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी मांडावीत आणि मराठीत कोणता शब्द ते काम करतो हे विद्यार्थ्याकडूनच शोधून घ्यावे. थांबण्याच्या कसोटीऐवजी गाळण्याची कसोटी द्यावी : उपवाक्य गाळूनही कोणाविषयी बोलत आहोत हे स्पष्ट राहत असेल तर दोन्ही बाजूंस स्वल्पविराम द्यावा, अन्यथा एकही देऊ नये. उत्तरपत्रिका तपासताना मातृभाषेच्या सवयीतून आलेली चूक आणि नजरचुकीने राहिलेले चिन्ह यांत भेद करावा. पहिल्या प्रकारच्या चुकीपुढे तिचे कारण दोन शब्दांत लिहावे.

समारोप

मराठीला विरामचिन्हांवाचून शतकानुशतके अडले नाही, कारण तिचे शब्द आणि तिची क्रियापदे ते काम करीत होती. ही तिची उणीव नसून तिच्या रचनेचे वैशिष्ट्य आहे. इंग्रजीत ते काम चिन्हांकडे आहे. हा एवढा फरक स्पष्ट करून न सांगता आपण विद्यार्थ्याला 'विराम' हा शब्द दिला, आणि तो प्रामाणिकपणे थांबत गेला. त्याच्या उत्तरपत्रिकेच्या समासात 'निष्काळजीपणा' असे लिहिण्यापूर्वी तो फरक आपण त्याला कधी समजावून दिला होता काय, हे अध्यापकाने स्वतःस विचारावे.